सात नंबरचा आडोसा

नलूच्या केसांतली अबोलीची वेणी भर दुकानात एका कोंबडीने खाल्ली आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

नलू त्या दिवशी घाईत होती. तिची आत्या गंगूबाई लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावर खानावळ चालवायची. गिरणीतले तीस-पस्तीस मेंबर दोन्ही वेळ जेवायला असत, आणि बुधवारी-रविवारी अंड्याचा रस्सा नसला तर आत्याचा तिथल्या तिथे उद्धार होई. तीन वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या गावाहून नलू आत्याच्या हाताखाली आली, तेव्हापासून अंडी आणायचं काम तिच्याकडे. त्यासाठी लांब जावं लागत नसे. त्याच चाळीच्या तळमजल्यावर गणपतशेठ राण्यांचं किराणा दुकान होतं आणि दारातच भुशात ठेवलेल्या अंड्यांची टोपली असायची.

आज टोपली जागेवर नव्हती. तिच्या जागी तारेच्या पिंजऱ्यांची भिंतच उभी होती. चार रांगा, एकेका रांगेत सहा खण, खणाखणावर पत्र्याचा नंबर आणि आत एकेक पांढरी विलायती कोंबडी. खण एवढे अरुंद की कोंबडीला मागे वळून बघायचीही सोय नाही. खालची जाळी उतरती होती, त्यामुळे घातलेलं अंडं घरंगळत बाहेरच्या पन्हळीत यायचं आणि गिऱ्हाईक ते गरम गरम उचलायचं. बघायला ही गर्दी जमली होती. नलूही वाकून बघायला गेली आणि तिच्या डोक्याला हिसका बसला.

"हलू नका," गल्ल्यामागून आवाज आला. "ती सोडत नाही. काल तिने एका गिऱ्हाइकाची यादी खाल्ली."

मग तिच्या कानामागे बोटं आली. ती अबोली एकेक करून सोडवत होती, केसाला जराही ताण न देता. त्या बोटांना धने-जिऱ्याचा आणि नव्या साबणाचा वास होता. इतक्या हळुवारपणे आपलं काही कुणी सोडवलेलं नलूला आठवेना, आणि वळून बघावं तर वेणी अडकलेली. ती तशीच वाकून उभी राहिली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

सुटका झाली तेव्हा समोर चोवीस-पंचविशीचा एक उंच तरुण अर्धी वेणी हातात घेऊन ओशाळा उभा होता. गणपतशेठचा भाचा, रमाकांत. गिरगावात राहायचा आणि महिन्याभरापासून मामाच्या दुकानावर बसायला लागला होता.

"सात नंबर जरा... आगाऊ आहे," तो म्हणाला.

"आमची खोलीही सात नंबरचीच आहे," नलू म्हणाली. मग तिने त्या कोंबडीकडे नीट पाहिलं, आणि तिच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच विरलं. तारेला घासून घासून कोंबडीच्या मानेची पिसं गेली होती. ती एका कोपऱ्यात डोकं खुपसत होती, तिथून काढून दुसऱ्या कोपऱ्यात खुपसत होती. "हिला अंडं घालायचंय."

"मग घालेल की."

"कुठे घालेल? कोंबडीला अंडं घालायला आडोसा लागतो. गावाला आमची तांबडी कणगीमागे जायची. अंडं घालून झालं की सगळ्या वाडीला ओरडून सांगायची, पण घालताना कुणी बघायचं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं, चाळीच्या गॅलरीत सगळ्यांदेखत आंघोळ करा, तर चालेल?"

रमाकांतने प्रामाणिकपणे विचार केला. "मी... रोज तिथेच करतो."

आजूबाजूची गिऱ्हाइकं खो खो हसली. नलूला हसायचं नव्हतं. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि रिकामी पिशवी घेऊन ती दुकानातून निघाली. पिंजऱ्यातलं अंडं मी घेणार नाही, एवढं मात्र सांगून.

तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी सकाळी नलू दादरच्या बाजारात जायला लागली. तिथे एक वसईची बाई मोकळ्या कोंबड्यांची अंडी घेऊन बसायची. लालबाग ते दादर चालत जायचं, पिशवीतली अंडी सांभाळत चालत यायचं, वर आत्याचं बोलणं खायचं. खाली कोंबड्या हाताशी असताना ही पोर पाय मोडायला दादरला कशाला जाते, हे आत्याला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर नलूलाही आणखी एक गोष्ट कळत नव्हती. येता-जाता तिची नजर दुकानाकडे वळायची, आणि ती काही फक्त सात नंबरसाठी नव्हती.

तिसऱ्या रविवारी दादरहून अंडी घेऊन परतताना हिंदमाताजवळ एका कापडाच्या दुकानापाशी तिला रमाकांत दिसला. चौकड्याचं कापड उजेडात धरून तो असा बघत होता, की जणू त्याचा शालू करायचाय.

"काय घेताय?" तिने विचारलं.

"पडदा."

"घराला?"

"नाही." तो इकडे तिकडे बघत राहिला. "सात नंबरला."

नलू थांबली. ट्रामचा खडखडाट, फेरीवाल्यांची ओरड, सगळं होतं तिथेच होतं. पण ती त्याच्या शेजारी येऊन कापडं बघायला लागली.

"चौकड्याचं नको," ती म्हणाली. "कोंबडीला काळोख आवडतो. ते जांभळं घ्या."

"तुम्हाला कुठलं आवडतं?"

"मला काय करायचंय? पिंजऱ्यात मी थोडीच राहतेय?"

"नाही... सहज. पुढेमागे माहीत असलेलं बरं."

असं बोलून तो स्वतःच घाबरला आणि दुकानदाराला उगाच भाव विचारायला लागला. पुढच्या वाटेवर अंड्यांची पिशवी त्याने घेतली. परळपर्यंत दोघं बोलत होते आणि परळच्या पुढे गप्प झाले, आणि नलूला गप्प चाललेलं जास्त आवडलं. त्याने सांगितलं की पिंजऱ्यांची कल्पना मामांची. कुठल्याशा इंग्रजी मासिकातली चित्रं बघून त्यांनी परळच्या लोहाराकडून ते करून घेतले होते. स्वच्छ, पांढरी, माती न लागलेली अंडी देणारा लालबागमधला पहिला दुकानदार म्हणून मामांना फार अभिमान होता. फेब्रुवारीत आणखी साठ कोंबड्या येणार होत्या. माणूस वाईट नाही, तो म्हणाला, फक्त त्यांना नाही म्हणायची कुणाला सवय नाही. नलूने त्याच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं.

सोमवारी सात नंबरच्या खणाला जांभळा पडदा लागला. कोंबडी त्याच्यामागे शिरली आणि तासाभराने असं ओरडली की वरच्या मजल्यावर भाकऱ्या थापणाऱ्या नलूला ते ऐकू आलं. ती एकटीच हसत बसली आणि एक भाकरी करपली.

मंगळवारी पडदा तिथे नव्हता. नलू जिरं घ्यायला खाली गेली तेव्हा त्या जांभळ्या कापडाने रमाकांत तराजू पुसत होता.

"मामांनी काढला," तो खाली बघत म्हणाला. "गिऱ्हाइकं हसतात म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मामा म्हणाले की—"

"मामा काय म्हणाले ते मी विचारलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुमचं स्वतःचं काही म्हणणं असतं की नाही? आज पडदा काढलाय. उद्या मामा म्हणतील, खानावळीतल्या पोरीशी बोलायचं नाही. तेव्हाही तराजूच पुसत बसाल."

रमाकांतने तराजूचं दुसरं पारडं पुसायला घेतलं. नलूने जिरं तसंच ठेवलं. जिना चढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस मनात भरला होता, यात तिला आता काही शंका उरली नव्हती. पण ज्याच्या तोंडून स्वतःचा शब्द निघत नाही त्याच्या भरवशावर आयुष्य कसं काढायचं? त्या दिवसापासून ती दुकानाच्या बाजूने जायची बंद झाली.

जानेवारीच्या मध्यावर दिल्लीहून घोषणा झाली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, आणि गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या थांबल्या. दुकानांची दारं लागली. मोर्चे, लाठ्या, गोळ्या, आणि मग कर्फ्यू. पलीकडच्या गल्लीतला एक जण दूध आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या आईचा आक्रोश नलूच्या चाळीने दिवसभर कान बंद करून ऐकला. त्या दिवसांत कोंबड्यांची आठवण कुणाला असणार?

गणपतशेठ आणि रमाकांत गिरगावातल्या घरी अडकले होते. दुकानाला बाहेरून कुलूप होतं आणि आत चोवीस जीव तारेत उभे होते. पहिल्या दिवशी त्यांचा कलकलाट वरपर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी तो वाढला. तिसऱ्या दिवशी सकाळी नलू उठली तेव्हा खाली अगदी शांत होतं. मोकळी कोंबडी कुठेतरी डबक्यात चोच बुडवेल, उकिरडा उकरेल. पिंजऱ्यातलीचं सगळं दुसऱ्याच्या हातात, आणि तो हात गिरगावात.

तिने मागच्या अंगणात जाऊन दुकानाच्या गजाच्या खिडकीतून आत पाहिलं. पाण्याच्या पन्हळी कोरड्या ठक्क होत्या. सात नंबर चोच उघडी टाकून धापा टाकत होती.

"आत्ये, मागचं दार उघडायचं," ती वर येऊन म्हणाली.

"परक्याचा कुलूप?" गंगूबाई दचकली. "चोरी म्हणतत गो तेका."

"कुलपाला हात नाही लावायचा. बिजागऱ्या काढायच्या. आत्ये, त्या मरतायत. कुलूप शाबूत ठेवून आपण बघत बसायचं?"

आत्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. भाचीचा चेहरा कोंबड्यांपलीकडचंही काही सांगत होता, पण ते विचारायची ही वेळ नव्हती. तिने मेंबरांपैकी गुणाजी फिटरला हाक मारली. गुणाजीने पाचच मिनिटांत दार बिजागऱ्यांसकट उचलून भिंतीला टेकवलं.

कोंबड्या बाहेर काढल्या तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. त्यांना चालता येईना. नखं वाढून तारेसारखी वळली होती. जमिनीवर ठेवलं की त्या तिथेच उभ्या राहायच्या, पुढचं पाऊल टाकायला जागा असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी पाजल्यावर सात नंबरने एक पाय उचलला, हवेत धरला आणि खाली टेकला. मग दुसरा. बायकांपैकी कुणीतरी डोळे पुसले.

आता चोवीस कोंबड्या ठेवायच्या कुठे? चाळीच्या खोल्याही चोवीसच होत्या. नलूने सरळ नंबर लावले. एक नंबरची कोंबडी एक नंबरच्या खोलीत, दोनची दोनमध्ये. कर्फ्यूत चुली अर्ध्या पोटाने पेटत होत्या, आणि बारा नंबरवाल्याने रश्श्याची गोष्ट काढून बघितली. पण प्रत्येकीच्या पायाला खोलीच्या नंबराची चिंधी बांधलेली होती. ज्याच्या खोलीतली कोंबडी कमी होईल त्याचं नाव सगळ्या चाळीला कळणार होतं. अंडी मात्र पोरांना द्यायची, असं गंगूबाईने ठरवून टाकलं. राहत्या जागेचं भाडं म्हणून.

आणि अंडी आली. चार दिवसांत पाय सरळ झाले, मानेवर पिसांचे कोंब दिसायला लागले, आणि कोंबडीबायांनी आपापले आडोसे शोधले. कुणी तांदळाच्या पिंपामागे, कुणी भजनी मंडळाच्या पखवाजाच्या गवसणीत. सात नंबरने नलूची ट्रंक पसंत केली. तिथे घडी घातलेल्या साडीवर ती डोळे मिटून तासभर बसली, आणि उठली तेव्हा असं ओरडली की गोळीबाराने दबून गेलेली चाळ पहिल्यांदाच हसली.

आठव्या दिवशी सकाळी दोन तास कर्फ्यू उठला. गिरगावाहून लालबागपर्यंत रमाकांत जवळजवळ धावत आला. खांद्यावर दाण्याची पिशवी होती, पण आत काय बघायला मिळणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मागचं दार उचकटलेलं. पिंजरे रिकामे. तो तिथेच खोक्यावर बसला.

"सगळ्या आहेत," मागून आवाज आला.

नलू दारात उभी होती. काखेत सात नंबर होती आणि तिची चोच नलूच्या वेणीकडे वळलेली होती. रमाकांतने हात पुढे केला आणि कोंबडीच्या मानेवर नव्याने आलेली पिसं बोटाने चाचपली. नलूच्या मनातला सगळा राग त्या बोटापाशी येऊन विरघळला, पण तिने तसं दाखवलं नाही.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

तेवढ्यात गणपतशेठ धापा टाकत पोचले. आधी दार बघून भडकले, मग कोंबड्या जिवंत आहेत कळल्यावर त्यांनी गणपतीला हात जोडले. चाळभर निरोप गेला आणि बायका आपापली कोंबडी घेऊन अंगणात उतरल्या. गणपतशेठने सगळ्यांचे आभार मानले. ते अगदी मनापासून होते. मग ते भाच्याला म्हणाले की वेळ थोडा आहे, पटापट नंबराप्रमाणे पिंजऱ्यात घाल.

एकाही बाईने कोंबडी पुढे केली नाही. गंगूबाईने पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं की पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं तिच्या खानावळीत शिजणार नाही. लालबाग-परळच्या सगळ्या खानावळवाल्या तिच्या ओळखीच्या होत्या, आणि हरताळ कसा पाळायचा हे गेल्या आठवड्यात सगळ्या शिकल्या होत्या.

"कोंबड्यो माझ्यो आसत," गणपतशेठ तांबडेलाल झाले. "दुकान माझा. रमाकांत, तू बघ नको त्यांच्याकडे. घाल आत."

रमाकांतच्या हातात आता सात नंबर होती. कोंबड्यांचं काय होणार, आणि नलूचं काय होणार, दोन्ही त्याच्या ओठांवर होतं.

"नाही," रमाकांत म्हणाला.

शब्द इतका छोटा होता की गणपतशेठना तो पुन्हा विचारावा लागला.

"नाही, मामा. मी घालणार नाही." त्याचा आवाज आधी अडखळला, मग मोकळा झाला. "चोवीस जीव मी कुलपात टाकून गेलो. या लोकांनी त्यांना वाचवलं, आणि स्वतः उपाशी असताना एकाही कोंबडीला हात लावला नाही. मागच्या या अंगणात आपण खुराडं बांधू. पडदे लावून, पेंढा घालून. दुकानात पाटी लावू, मोकळ्या कोंबड्यांची अंडी. माती लागली तर मी स्वतः पुसून देईन. आणि तुम्हाला हे पटत नसेल तर... उद्यापासून दुकानावर दुसरा माणूस बघा." तो थांबला, पण आता त्याला थांबता येत नव्हतं. "आणि आणखी एक. मला नलूशी लग्न करायचंय. हे मी तुम्हाला विचारत नाहीये मामा, सांगतोय. विचारायचंय ते तिला."

गॅलरीतून कुणीतरी शिट्टी वाजवली. गणपतशेठ आधी भाच्याकडे, मग चोवीस बायकांकडे, मग रिकाम्या पिंजऱ्यांकडे बघत राहिले. दुकानावर बसायला लागल्यापासून ज्याच्या तोंडून हूं की चूं ऐकलं नव्हतं तो भाचा पहिल्यांदाच माणसासारखा बोलला होता. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"भाचो माका नाय म्हणालो," ते गंगूबाईला म्हणाले, जणू तक्रार करावी तसे. मग नलूकडे वळले. "आणि ह्या चेडवाचा काय म्हणणा आसा?"

सगळी चाळ नलूकडे बघायला लागली. अंगणातून, जिन्यावरून, दोन्ही मजल्यांच्या कठड्यांवरून. समोर रमाकांत उभा होता, कोंबडी छातीशी धरून, उत्तराची वाट बघत.

"मला," ती कशीबशी म्हणाली, "आडोसा लागेल."

हशा फुटला. गंगूबाईने वाळत घातलेली चादर दोरीवरून ओढली, गुणाजीने तिचं दुसरं टोक धरलं, आणि आत्याने सगळ्यांना पाठ फिरवायला फर्मावलं. चोवीस खोल्यांनी एकदम पाठ फिरवली. गणपतशेठनेही.

चादरीमागे उन्हाचा पिवळा उजेड होता आणि धने-जिऱ्याचा तोच वास. दोघांच्या मध्ये सात नंबर होती.

"हो," नलू म्हणाली. इतक्या हळू, की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. "पण यापुढे जे म्हणायचं ते तूच म्हणायचं."

"पहिलं हेच म्हणतो," रमाकांत म्हणाला. "तुला जांभळा रंग आवडतो का?"

तिने उत्तर द्यायला मान वर केली आणि नेमका डोक्याला हिसका बसला. ती ओरडली. चादरीपलीकडच्या चाळीला जे समजायचं ते समजलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

चार वर्षांनी, मेच्या पहिल्या तारखेला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या संध्याकाळी लालबागमध्ये एकही चाळ दिव्यांशिवाय राहिली नव्हती. राण्यांच्या दुकानावर सगळ्यांत मोठा आकाशकंदील होता. पुरुषभर उंच, आत पिवळा दिवा. त्याचा सांगाडा कसला आहे ते नव्या माणसाला कळलं नसतं. गणपतशेठने माळ्यावर पडलेले ते चोवीस पिंजरे स्वतः उसवले होते आणि त्यांच्या तारा लोहाराकडून वळवून घेतल्या होत्या. खाली पाटी होती, मोकळ्या कोंबड्यांची अंडी, आणि परळपासून भायखळ्यापर्यंतच्या खानावळी तिथून अंडी नेत होत्या.

जांभळी साडी नेसलेली नलू अंगणात उभी राहून कंदील बघत होती. रमाकांत मागून आला आणि काही न बोलता त्याने तिच्या केसांत अबोलीची वेणी माळली. आता त्याच्या बोटांना सवय झाली होती, पण नलूच्या कानाच्या पाळ्या अजून तापायच्या. खुराड्याच्या जांभळ्या पडद्याआडून म्हातारी सात नंबर बाहेर आली, तिने मान वर करून वेणीकडे पाहिलं, आणि नलू हसत हसत तिच्यासाठी खाली वाकली.